ईलिंगच्या लुईझाबाई आणि ब्रह्मदेशचे फूल

वाचकहो, आपल्या बेटावर जास्वंद लावावी आणि विसरून जावी. ती आपोआप फुलते. हेलिकोनियाचेही तसेच. पण जिथे वर्षातले कितीतरी महिने गारठा आणि धुके, तिथे उष्ण देशांतली फुलझाडे वाढवायची म्हणजे खेळ नव्हे. लंडनच्या पश्चिमेला ईलिंग नावाच्या गावी एका बाईंनी हे काम आयुष्यभर केले. त्या लुईझा लॉरेन्स यांची ओळख आज आम्ही वाचकांना करून देत आहोत.

१८२८ साली लुईझाबाईंचा विवाह विल्यम लॉरेन्स या नामवंत शस्त्रवैद्याशी झाला. पती वयाने वीस वर्षांनी मोठे आणि रुग्णसेवेत गढलेले. लुईझाबाईंनी मन घातले ते बागेत. त्यांची पहिली बाग ईलिंगजवळ ड्रेटन ग्रीन येथे होती. जागा काही फार मोठी नव्हती, पण तीत त्यांनी इतकी तऱ्हेतऱ्हेची झाडे जोपासली की लाउडन या प्रसिद्ध उद्यानतज्ज्ञाने १८३८ साली आपल्या मासिकात तिचे सविस्तर वर्णन छापले. उद्यानसंस्थेच्या प्रदर्शनांत १८३३ ते १८३८ या काळात त्यांना ५३ पदके मिळाली. त्या काळी बाईमाणसाच्या नावाने एवढी पदके म्हणजे मोठीच गोष्ट होती.

१८३८ मध्ये हे कुटुंब ईलिंग पार्क या प्रशस्त घरी राहायला गेले. तिथे लुईझाबाईंच्या हौसेला मोकळे रान मिळाले. उष्ण प्रदेशातल्या झाडांसाठी उबदार काचघरे लागत. भट्टीवर पाणी तापवून ते लोखंडी नळांतून खेळवायचे, जमिनीवर पाणी शिंपून हवा दमट ठेवायची, दुपारी ऊन कडक झाले की झडपा उघडायच्या, आणि कडाक्याच्या थंडीत रात्रीसुद्धा भट्टी विझू द्यायची नाही. एक रात्र हयगय झाली तर वर्षांची मेहनत वाया. हे कष्ट माळ्यांच्या हातांनी होत असत, आणि त्या हातांची नावे इतिहासात फारशी उरली नाहीत, हेही आम्ही इथे नमूद करतो.

आता त्या फुलाची गोष्ट. ब्रह्मदेशातल्या मार्तबान भागात एका मठाच्या बागेत वॉलिच या वनस्पतिशास्त्रज्ञाला एक अपूर्व झाड आढळले होते. त्याच्या लाल-पिवळ्या फुलांचे लांब घोस झुंबरासारखे खाली लोंबतात. गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी ॲम्हर्स्ट यांच्या नावावरून त्याला ॲम्हर्स्टिया असे नाव दिले गेले. हे झाड मिळवण्यासाठी डेव्हनशायरच्या ड्यूकने १८३५ साली जॉन गिब्सन या माळ्याला मुद्दाम कलकत्त्याला पाठवले, आणि १८३७ मध्ये ते काचेच्या पेटीतून इंग्लंडला पोहोचले. झाड आले, पण फूल काही येईना. लुईझाबाईंना त्यांचे रोप १८४७ साली लॉर्ड हार्डिंग यांच्याकडून मिळाले. दोनच वर्षांनी, १८४९ मध्ये, ईलिंगला ते फुलले. इंग्लंडात हे फूल उमलण्याची ती पहिलीच वेळ. पहिला घोस राणी व्हिक्टोरियाला गेला, तर दुसरा चित्र काढण्यासाठी क्यूच्या बागेत. ड्यूकची संपत्ती मागे पडली आणि वैद्याच्या घरची बाई पुढे गेली!

त्याच १८४९ साली आपल्या पोर्ट लुईच्या बंदरावर गिरमिटियांची डेपो उभी राहू लागली, जिला आज आपण आप्रवासी घाट म्हणतो. रोपेही समुद्र ओलांडत होती आणि माणसेही. रोपांसाठी मात्र काचेच्या पेट्या होत्या.

लुईझाबाईंच्या काचघरांत ऑर्किडेही होती. त्या काळी इंग्लंडात येणाऱ्या ऑर्किडांपैकी पुष्कळ अमेरिकेच्या जंगलांतली असत. तिथल्या कितीतरी लाल, नारिंगी, नळीसारख्या फुलांचा सोबती म्हणजे हमिंगबर्ड हा चिमुकला पक्षी. तो हवेत एके जागी तरंगत मध पितो आणि पराग या फुलावरून त्या फुलावर नेतो. १८५१ साली जॉन गूल्ड यांनी लंडनमध्ये या पक्ष्यांचे प्रदर्शन भरवले. लोकांची रीघ लागली. पण ते सारे पक्षी पेंढा भरलेले! पुढे गूल्ड यांनी जिवंत हमिंगबर्ड आणून पाहिले, तेही फार दिवस जगले नाहीत. काचेखाली ऊब निर्माण करता आली, फूलही आणता आले. पण फुलाचा सोबती आणता आला नाही.

१८५५ साली लुईझाबाई वारल्या. त्यांचे चिरंजीव ट्रेव्हर हिंदुस्थानात लष्करी वैद्य म्हणून राहून आले, पुढे नाणावलेले ऑर्किडसंग्राहक झाले, आणि १८८५ पासून १९१३ पर्यंत इंग्लंडच्या रॉयल उद्यानसंस्थेचे अध्यक्ष होते. आईने लावलेली आवड मुलाच्या हातून अशी बहरली.

हमिंगबर्ड आपल्या बेटावरही नाही. तो अमेरिका खंडाबाहेर राहत नाही. पण आपले पिक-पिक पक्षी मध चाखतात, आणि आपल्या रानातल्या एका ट्रोशेशियाच्या फुलातला मध तर हिरवी पाल चाटते व पराग वाहते. लुईझाबाईंना जे भट्टी पेटवून मिळवावे लागले, ते आपल्याला उघड्या अंगणात मिळते, तेही सोबत्यासकट. म्हणून परदेशी फुलाशेजारी एखादे आपल्या बेटाचेही झाड लावावे, आणि त्यावर विषारी औषध फवारू नये, एवढीच आमची वाचकांना विनंती.