ईम गावचे पाळक विल्यम मॉम्पेसन

इंग्लंडमधील डर्बीशर परगण्याच्या डोंगराळ भागात ईम हे लहानसे गाव आहे. १६६४ साली विल्यम मॉम्पेसन तेथील संत लॉरेन्स मंदिराचे पाळक झाले, तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. पूर्वीचे पाळक थॉमस स्टॅन्ली यांनी नव्या प्रार्थनाविधीस संमती न दिल्यामुळे १६६२ साली त्यांना पद सोडावे लागले होते. तथापि पुष्कळ ग्रामस्थांची मने अजून त्यांच्याकडेच होती.

१६६५ च्या उन्हाळ्याअखेरीस लंडनहून एका शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. त्यातील पिसवांबरोबर प्लेग आला, असे मानले जाते. त्याच घरातील जॉर्ज व्हिकर्स यांचे ७ सप्टेंबरला दफन झाले. हिवाळ्यात साथ मंदावली; परंतु पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा भडकली. लोक पळून गेले तर आसपासची गावेही उजाड होतील, हे मॉम्पेसन यांनी ओळखले. पण त्यांच्या एकट्याच्या शब्दाला तेवढे वजन नव्हते. म्हणून ते स्टॅन्ली यांच्याकडे गेले. धर्ममतांनी दुरावलेले हे दोन सेवक मंडळीपुढे एकत्र उभे राहिले आणि जून १६६६ मध्ये गावाने स्वतःस कोंडून घेतले.

मंदिर बंद झाले. उपासना कक्लेट डेल्फ या दरीत, उघड्यावर होऊ लागली. प्रत्येक कुटुंबाने आपले मृत आपणच पुरावे, असे ठरले. चॅट्सवर्थचे अर्ल ऑफ डेव्हनशर यांनी अन्नधान्य पुरविले. शेजारचे लोक सीमेवर जिन्नस ठेवून जात. मोबदल्याची नाणी दगडांच्या खळग्यांत, शिरक्यात ठेवली जात. ऑगस्टमध्ये एलिझाबेथ हँकॉक या मातेने आठ दिवसांत पती व सहा मुले स्वतःच्या हातांनी पुरली.

मॉम्पेसन यांनी आपली दोन मुले आधीच बाहेरगावी पाठविली होती. पत्नी कॅथरिन मात्र त्यांना सोडून गेल्या नाहीत. आजाऱ्यांची सेवा करीत असता त्यांनाही प्लेगने गाठले आणि २५ ऑगस्ट १६६६ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. नोव्हेंबरमध्ये साथ संपली, तोवर सुमारे २६० जण मृत्युमुखी पडले होते.

पुढे मॉम्पेसन नॉटिंगहॅमशरमधील ईक्रिंग येथे गेले. तेथील लोक आरंभी त्यांच्या जवळ येण्यासही भीत असत. १७०९ साली तेथेच त्यांचे निधन झाले. ईममध्ये दरवर्षी ऑगस्टच्या अखेरच्या रविवारी या बलिदानाचे स्मरण केले जाते. त्या गावाच्या नोंदवहीत मृतांची नावे आहेत. त्यांच्यामुळे जे वाचले, त्यांची नावे केवळ देवाला ठाऊक आहेत.