माळावरचे विद्यापीठ

मे महिना म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात माणसाने सावली सोडू नये असा महिना. पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, तलावांचे तळ भेगाळतात आणि ताडोबाच्या परिसरातील साग पाने टाकून उघडावाघडा उभा राहतो. नेमक्या याच दिवसांत मूल तालुक्यातील सोमनाथ येथे शहरांतील तरुण मुले-मुली येत आणि पहाटेच्या गारव्यात कुदळ-फावडे घेऊन बांधावर उभी राहत. कोणी अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कोणी नुकतीच बारावी झालेली मुलगी. त्यांच्या शेजारी घमेले उचलणाऱ्या माणसाच्या हाताला पुष्कळदा बोटे नसत. ही श्रमसंस्कार छावणी सुरू झाली १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि ती कल्पिणारा माणूस होता मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे सर्वांचे बाबा.

शेतावर स्वयंसेवक म्हणून राहायचे, अंगमेहनत करायची आणि त्या बदल्यात निसर्गाशी जुळवून घेणारी शेती शिकायची, या कल्पनेचे आज शहरी तरुणांना आकर्षण आहे. पर्माकल्चर हा शब्दही आता परका राहिलेला नाही. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोघा ऑस्ट्रेलियन अभ्यासकांनी तो १९७० च्या दशकात रूढ केला. त्यांचे पहिले पुस्तक १९७८ साली आले, तेव्हा वरोऱ्याजवळच्या आनंदवनाला सत्तावीस वर्षे झाली होती. त्या शास्त्राचे नाव आनंदवनाला मागाहून चिकटवणे योग्य होणार नाही. परंतु टाकून दिलेली जमीन आणि टाकून दिलेली माणसे एकमेकांच्या आधाराने उभी राहू शकतात, हे त्या माळावर फार आधी सिद्ध झाले होते. आणि तिथे मदतीला जाणारा माणूस मदत देऊन नव्हे, तर काहीतरी घेऊन परततो, हेही.

जमीनदाराचा मुलगा

बाबांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. घर जमीनदारांचे, वडील सरकारी अधिकारी. लाडाकोडात वाढलेल्या या मुलाला तरुणपणी शिकारीचा शौक होता, बिबट्याच्या कातड्याने मढवलेल्या आसनांची मोटार होती आणि हॉलिवूडच्या चित्रपटांचे वेड होते. तो चित्रपटांची परीक्षणे लिहीत असे आणि ग्रेटा गार्बोसारख्या अभिनेत्रीशी त्याचा पत्रव्यवहारही होता. नागपूरला कायद्याची पदवी घेऊन त्याने वकिली सुरू केली आणि ती उत्तम चालली.

शेताशी नाते होते ते मालकाचे. आपल्या कुळांचा घाम आणि आपल्या घरातील सुबत्ता यांचा हिशेब मात्र त्या तरुण वकिलाला मनातल्या मनात जुळवता येईना. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचे सान्निध्य होतेच. १९४२ च्या आंदोलनात पकडल्या गेलेल्या कार्यकर्त्यांचे खटले चालवण्यासाठी त्यांनी वकिलांना एकत्र केले आणि स्वतःही तुरुंगवास पत्करला. स्त्रियांची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना रेल्वेत एकट्याने अडवल्याचे कळल्यावर गांधीजींनी त्यांना अभयसाधक ही उपाधी दिली.

डिसेंबर १९४६ मध्ये नागपूरच्या इंदू घुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि इंदूताई साधनाताई झाल्या. वरोऱ्यात या दांपत्याने श्रमाश्रम काढला. सर्व जातींच्या लोकांनी एकत्र राहावे, एकत्र राबावे आणि कमाई वाटून घ्यावी, ही त्यामागची कल्पना. तो प्रयोग टिकला नाही. पण अपयशी प्रयोगांतूनही माणूस काही घेऊन पुढे जातो. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांच्या मागण्यांच्या निमित्ताने त्यांनी त्यांचे काम स्वतः करून पाहायचे ठरवले आणि नऊ महिने मैल्याच्या टोपल्या वाहिल्या.

पावसातला माणूस

याच काळातील एका पावसाळी संध्याकाळी बाबांना रस्त्याकडेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी पडलेला दिसला. बोटे झडलेली, जखमांत किडे पडलेले. गोऱ्या सैनिकांना न घाबरलेला माणूस त्या दृश्याने घाबरून घरी पळाला. अभयसाधक म्हणवून घेणाऱ्याला स्वतःच्या भीतीची ही ओळख सहन होणारी नव्हती. ते परत गेले, त्या माणसावर त्यांनी आडोसा उभारला आणि तुळशीरामचा अंत होईपर्यंत त्याची शुश्रूषा केली.

बाबांच्या कार्याचे मूळ अनेकदा करुणेत शोधले जाते. खरे तर ते या पळण्यात आहे. जिथे भीती आहे तिथे प्रेम असू शकत नाही, हा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या अनुभवातून काढला आणि भीती घालवण्यासाठी ते कुष्ठरोगाकडे वळले. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण कुष्ठरुग्णांसाठी काम करत होते. ते बाबांनी पाहिले. १९४९ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्यांनी या रोगाचा अभ्यासक्रम पूर्ण केला. जंतूंवरील प्रयोगासाठी तेथे त्यांनी आपले शरीरही देऊ केले. त्याच वर्षी महारोगी सेवा समितीची स्थापना झाली. सल्फोन गटातील औषधे आता उपलब्ध झाली होती. रोग बरा होऊ लागला होता. पण बऱ्या झालेल्या माणसाला घर परत घेत नव्हते. १८९८ चा जुना कुष्ठरोगी कायदा अस्तित्वात होता आणि तो रद्द व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. औषधाने न सुटणारा हा प्रश्न होता. त्याचे उत्तर बाबांना जमिनीत दिसले.

खडकावरची शेती

सरकारने वरोऱ्याजवळ पन्नास एकर जागा दिली. जागा म्हणजे दगड, झुडपे, साप आणि विंचू. जून १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचा प्रारंभ झाला तेव्हा तेथील संसार असा होता : बाबा, साधनाताई, विकास आणि प्रकाश ही दोन तान्ही म्हणावीत अशी मुले, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि रोख चौदा रुपये. सोबतची कुत्री जंगली श्वापदांनी एकेक करून नेली. पाणी दूरवरून वाहून आणावे लागे.

पहिले काम विहिरीचे. यंत्र नाही, सुरुंग नाही. खडकावर पहार आणि ती धरायला झिजलेले हात. कुष्ठरोगात हातापायांची संवेदना जाते, त्यामुळे अवजाराने आलेला फोड कळत नाही आणि न कळलेला फोड जखम होऊन हाडापर्यंत जातो. म्हणजे इथे शेती करताना पिकाइतकेच हातांकडेही लक्ष ठेवावे लागे. रोज संध्याकाळी जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, सकाळी पुन्हा पहार. सुमारे सहा आठवड्यांनी पाणी लागले. त्या पाण्याने आधी भाजी पिकवली, मग ज्वारी. तीनेक वर्षांत ही वसाहत पोटापुरते धान्य पिकवून थोडे विकू शकेल इतकी उभी राहिली.

आणि इथेच खरी परीक्षा झाली. वरोऱ्याच्या बाजारात आनंदवनाची भाजी कोणी घेईना. जी माणसे दयेपोटी रुग्णांना भीक घालत होती, तीच त्यांच्या हातची वांगी विकत घ्यायला तयार नव्हती. दान देणे सोपे होते, व्यवहार करणे अवघड. आनंदवनाला मात्र दान नको होते, गिऱ्हाईक हवे होते. दानाने माणूस दुबळा होतो आणि कामाने घडतो, ही बाबांची धारणा या अनुभवाने पक्की झाली.

ही कोंडी फुटली ती स्वयंसेवकांमुळे. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात सुरू झालेल्या सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या शांतताकार्य करणाऱ्या संघटनेचे तरुण १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात आनंदवनात आले. देश वेगवेगळे, भाषा वेगवेगळ्या. त्यांनी रुग्णांबरोबर विटा वाहिल्या, दवाखान्याच्या इमारती बांधल्या आणि त्याच मळ्यातील भाजी रुग्णांच्या पंक्तीला बसून खाल्ली. हा प्रकार पाहायला वरोऱ्याची मंडळी येऊ लागली. परदेशी पाहुण्यांना काही होत नाही हे दिसल्यावर लोकांची भीड चेपली आणि हळूहळू आनंदवनाचा माल बाजारात खपू लागला. त्या पाहुण्यांनी बांधलेल्या भिंतींपेक्षा त्यांनी पाडलेली भिंत अधिक मोठी होती. आपल्या शेजाऱ्यांवर विश्वास ठेवण्यासाठी आपल्याला परक्यांचा दाखला लागला, ही त्यातील बोच मात्र विसरता येण्याजोगी नाही.

पुढे आनंदवन वाढत गेले. विणकाम, सुतारकाम, छपाई यांचे विभाग निघाले. अंध आणि मूकबधिर मुलांसाठी शाळा निघाल्या. १९६४ साली कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय सुरू झाले आणि पाठोपाठ कृषी महाविद्यालय. ज्यांना गावाने हाकलले होते, त्यांनी गावाच्या मुलांसाठी वर्ग बांधले. पु. ल. देशपांडे यांच्यासारखे साहित्यिक आनंदवनाचे मित्र झाले. बाबांचा ज्वाला आणि फुले हा काव्यसंग्रहही १९६४ चाच.

सोमनाथ : तरुणांची शाळा

१९६७ साली सोमनाथचा प्रकल्प सुरू झाला. वरोऱ्याची काळी जमीन कापूस-ज्वारीची. मूलकडचा मुलूख भाताचा आणि जुन्या मालगुजारी तलावांचा, ज्यांना इकडे मामा तलाव म्हणतात. जंगलाच्या कुशीत पाणी अडवून, बांध घालून, बऱ्या झालेल्या रुग्णांच्या कुटुंबांनी येथे भातशेती उभी केली. बाबांच्या मनात मात्र त्याहून मोठे काही होते : श्रमिकांचे विद्यापीठ. पदवी घेऊन नोकरीच्या दारात उभ्या राहणाऱ्या तरुणांनी हाताने काम करायला शिकावे, आणि हाताने काम करणाऱ्यांच्या ज्ञानाला मान मिळावा.

ते विद्यापीठ त्यांनी कल्पिलेल्या रूपात उभे राहिले नाही. उरली ती दरवर्षीची छावणी. पहाटे उठायचे, ऊन चढण्यापूर्वी श्रमदान करायचे, दुपारी व्याख्याने आणि चर्चा, रात्री गाणी. बांध घालणे, तलावातील गाळ काढणे, चर खणणे ही कामे. कामाचा हिशेब लावला, तर शहरातील नवशिक्या हातांनी आठवडाभरात हलवलेली माती फार भरणार नाही. गावातील सराईत मजूर तेवढे काम थोडक्यात आटोपेल. पण बाबांचा हिशेब मातीचा नव्हताच. पहिल्या दिवशी तळहाताला फोड येतो तेव्हा शहरातील मुलाला तो दुखतो. शेजारी काम करणाऱ्या माणसाला आपला फोड दुखत नाही, हे कळले की त्या मुलाला दुखण्याचाही अर्थ समजतो. हा धडा वर्गात देता येत नाही.

छावणीहून परतलेले बहुतेकजण आपल्या नोकरी-संसाराला लागले, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. काही मात्र राहिले. बाबांनी भामरागडच्या जंगलात माडिया गोंडांमध्ये काम करायचे ठरवले आणि २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तो भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातच होता. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. पावसाळ्यात जगापासून तुटणाऱ्या, विजेविना असलेल्या त्या जागी डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्याबरोबर शहरे सोडून आलेले कार्यकर्ते झोपड्यांत राहिले. आठवड्याचा स्वयंसेवक आणि आयुष्याचा स्वयंसेवक यांत अंतर किती, हे हेमलकशाने दाखवले.

पाठ मोडली तरी

अतिश्रमाने बाबांच्या पाठीच्या कण्याचे दुखणे बळावले. शस्त्रक्रिया झाल्या, पट्टे आले आणि अखेर त्यांना बसणेच अशक्य झाले. एक तर उभे राहायचे नाहीतर आडवे पडायचे. याच अवस्थेत १९८५-८६ साली त्यांनी तरुणांसह कन्याकुमारी ते काश्मीर भारत जोडो अभियान काढले. मुले सायकलवर आणि बाबा गाडीत आडवे. १९८८-८९ मध्ये दुसरे अभियान इटानगरहून ओख्यापर्यंत गेले. १९९० साली त्यांनी आनंदवन सोडले आणि नर्मदाकाठी कसरावद येथे दशकभर मुक्काम केला. धरणाखाली जाणाऱ्या गावांच्या बाजूने उभे राहताना त्यांनी १९९१ मध्ये पद्मश्री आणि पद्मविभूषण हे दोन्ही किताब परत केले. उभारलेले सारे मागे टाकून वयाच्या पंचाहत्तरीत पुन्हा परक्या नदीकाठी झोपडीत जाणे, हे अनेक चाहत्यांनाही रुचले नव्हते. धरण थांबले नाही. पण जमिनीशी जोडलेल्या माणसाला उपटून काढणे म्हणजे काय, हे आयुष्यभर उपटलेल्या माणसांना जमिनीत रुजवणाऱ्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात बाबांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार दहन झाले नाही. त्यांना आनंदवनाच्या मातीतच पुरण्यात आले. शरीर जाळण्यापेक्षा ते मातीच्या कामी यावे, हा त्यामागचा विचार. साधनाताई ९ जुलै २०११ रोजी गेल्या.

आज एखाद्या शेतावर चार दिवस राबायला जाणारा तरुण बहुधा आपण काही देऊ, या भावनेने निघतो. जावे, जरूर जावे. फक्त आनंदवनाचा इतिहास ठाऊक असावा. त्या माळावर सर्वांत आधी राबायला गेलेला स्वयंसेवक हा एक भ्यालेला वकील होता. पुढे तिथे पीक आले, झाडे आली, शाळा आल्या. पण आधी त्याची भीती गेली होती.