सर चंद्रशेखर वेंकट रामन

वयाच्या अठराव्या वर्षी, १९०७ मध्ये, रामन कोलकात्यात वित्त खात्याचे अधिकारी झाले. पगार उत्तम होता, भविष्याची चिंता नव्हती; मन मात्र भौतिकशास्त्रात रमत होते. कचेरीपूर्वी व कचेरी सुटल्यावर ते बहूबाजारातील एका विज्ञानसंस्थेत प्रयोग करीत. रंगून व नागपूर येथे बदली झाली, तरी त्यांचा अभ्यास थांबला नाही. पुढे कोलकाता विद्यापीठाने प्राध्यापकपद देऊ केले. वेतन बरेच कमी होते आणि मानाची, स्थैर्याची सरकारी नोकरी सोडावी लागणार होती. परंतु दहा वर्षांच्या साधनेमुळे ही अंधारातील उडी नव्हती. १९१७ मध्ये त्यांनी ते पद स्वीकारले. १९२८ मध्ये 'रामन परिणाम' जगापुढे आला. १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. नव्या वाटेचे भय पूर्वतयारीनेच ओसरते.