मित्रजंतूंचे पहिले वकील

मधमाश्यांना साखरेच्या पाकातून चांगले जीवाणू भरवण्याचे प्रयोग सध्या काही देशांत चालू आहेत. जंतू पोटात घालून तब्येत सुधारायची, ही कल्पना जगाच्या गळी उतरवली ती इल्या मेचनिकॉव्ह यांनी.

१८४५ साली खारकीव्हजवळ, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये, जन्मलेल्या या प्राणिशास्त्रज्ञाला रोगजंतूंनी आधी घरातच गाठलं. पहिली पत्नी ल्युदमिला लग्नाच्या वेळीच क्षयाने इतकी खंगली होती, की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. १८७३ मध्ये ती गेली. मेचनिकॉव्ह यांनी मॉर्फीन घेऊन जीव द्यायचा प्रयत्न केला. मात्रा जास्त झाली, उलटी झाली आणि ते वाचले. पुढे दुसऱ्या पत्नीला, ओल्गाला, विषमज्वर झाला. तेव्हा खचलेल्या मेचनिकॉव्ह यांनी स्वतःला उलटणाऱ्या तापाचे जंतू टोचून घेतले. त्यातूनही ते उठले!

अशा माणसाने जंतूंचा द्वेषच केला असता, तर नवल नव्हतं. पण १८७९ मध्ये, ओडेसात असताना, गव्हाचा फडशा पाडणाऱ्या भुंग्यांवर वाढणारी हिरवी बुरशी त्यांनी अभ्यासली आणि तीच किडीवर सोडावी असं सुचवलं. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्यांनी गुलाबाचे काटे टोचले. सकाळी पाहिलं, तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला होता. शरीरातल्या भक्षक पेशींच्या या शोधासाठी १९०८ चं नोबेल त्यांना पॉल एर्लिख यांच्यासोबत मिळालं.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत म्हातारपणाचा अभ्यास करताना मोठ्या आतड्यातले कुजवणारे जंतू त्यांच्या डोक्यात बसले. बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी असतात ते आंबवलेल्या दुधामुळे, असं त्यांनी मांडलं आणि स्वतःही ते रोज पिऊ लागले. युरोपात दह्याची लाटच आली. विरजण लावणाऱ्या आपल्या आज्यांना यात विशेष काही वाटलं नसतं म्हणा. १९१६ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, हृदयविकाराने ते गेले.

त्यांचा तपशील मात्र चुकला होता. दह्यातला तो जीवाणू माणसाच्या आतड्यात मुक्काम करत नाही, हे पुढे दिसून आलं.

मधमाश्यांच्या बाबतीत नेमका हाच पेच आहे. कोषातून नुकत्याच बाहेर पडलेल्या कामकरी माशीचं आतडं जवळजवळ जंतूरहित असतं. पोळ्यातल्या थोरल्या बहिणींकडून काही दिवसांत तिला आपले जीवाणू मिळतात. जेमतेम आठ-नऊ गट, पण जगभर साधारण तेच. परागकणांची भिंत फोडायला आणि रोगांना अडवायला ते मदत करतात. अमेरिकेत अळ्या सडवणाऱ्या फाऊलब्रूडवर टेट्रासायक्लिन वापरलं जातं. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं, की या औषधाने माशीचे स्वतःचे जीवाणू घटतात आणि पोळ्यात परत सोडलेल्या माश्या कमी टिकतात.

मग वरून जीवाणू द्यायचे, तर कोणते? इतर प्राण्यांसाठी बनवलेल्या पुड्यांतले जीवाणू माशीच्या पोटात सहसा ठरत नाहीत. म्हणून आता माशीच्याच आतड्यातले जीवाणू वाढवून तिला परत दिले जात आहेत. प्रयोगशाळेत निकाल आशादायक आहेत. मधपेटीत मात्र कधी गुण येतो, कधी नाही.