नोकरी सांभाळून फोटो काढणारा ड्राफ्ट्समन : लाला दीनदयाळ

डेली कॉलेजवरून आपण येता-जाता कितीदा जातो, पण हे डेली कोण होते हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल. सर हेन्री डेली हे मध्य भारतासाठी गव्हर्नर जनरलचे एजंट, म्हणजे इंदूरच्या रेसिडेन्सीतले सगळ्यात मोठे साहेब. त्यांच्याच काळात इथल्या पब्लिक वर्क्स खात्याच्या कचेरीत एक माणूस नकाशे काढायचा आणि बांधकामांची एस्टिमेटं तयार करायचा. वय तिशीचं, सरकारी नोकरी, हेड एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन असा हुद्दा. आयुष्य तसंच रिटायर होईपर्यंत सरळ गेलं असतं. पण १८७४ साली या माणसाला फोटो काढायचा नाद लागला. त्याचं नाव दीनदयाळ.

पुढे ते राजा दीनदयाळ झाले, व्हाइसरॉयचे आणि निजामाचे फोटोग्राफर झाले. इतिहासाच्या पुस्तकांत ते भेटतात ते याच रुबाबात. मला मात्र त्यांच्या आयुष्यातली इंदूरची वर्षं जास्त ओढ लावतात, कारण तेव्हा ते आपल्यासारखेच हौशी होते.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ सालचा, मेरठजवळच्या सरधना गावातला. आम्हा कॅथलिक लोकांना सरधना म्हटलं की बेगम समरूने बांधलेलं माउलीचं भव्य चर्च आठवतं. बेगम वारली १८३६ साली, म्हणजे दीनदयाळ जन्मले तेव्हा तिला जाऊन आठच वर्षं झाली होती. दीनदयाळ यांचं घर जैन, जवाहिऱ्यांचं. बारीक पारख करायची सवय त्या घरात पिढीजात असणार. मुलगा मात्र दुकानात न बसता रुरकीच्या थॉमसन इंजिनिअरिंग कॉलेजात गेला आणि शिकून १८६६ मध्ये इंदूरला नोकरीवर आला.

हे इंजिनिअरिंगचं शिक्षण लक्षात ठेवण्यासारखं आहे. ड्राफ्ट्समनला इमारत बघताना आधी तिच्या रेषा दिसतात. कुठली भिंत लंबात आहे, कमान कुठून सुरू होते, पुढचा खांब मागच्या खांबाला कुठे झाकतो हे सगळं तो कागदावर हाताने उतरवत असतो. त्यांच्या पुढच्या काळातल्या राजवाड्यांच्या आणि देवळांच्या फोटोंत उभ्या रेषा खरोखर उभ्या आहेत, इमारत मागे कलल्यासारखी दिसत नाही. कॅमेरा हातात येण्याआधीच त्यांचा डोळा आठ वर्षं कचेरीत तयार होत होता, असं मला वाटतं.

आता तेव्हा फोटो काढणं म्हणजे काय होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण त्याशिवाय या नादाची किंमत कळणार नाही.

कॅमेरा म्हणजे लाकडाची मोठी पेटी, मध्ये भात्यासारखं घडीचं चामडं, पुढे पितळी लेन्स आणि खाली तिकाटणं. फोटो मोठा करायची सोय व्यवहारात जवळजवळ नव्हती. काचेची निगेटिव्ह कागदावर ठेवून उन्हात छापायची, त्यामुळे जेवढी काच तेवढाच फोटो. दहा इंच बाय बारा इंचांचा फोटो हवा असेल तर तेवढीच काच हवी आणि ती मावेल एवढा कॅमेरा हवा.

काच मात्र तयार मिळत नसे. १८७४ मध्ये सगळीकडे चालायची ती ओल्या कलोडियनची पद्धत. कलोडियन हा इथर आणि अल्कोहोलमध्ये केलेला चिकट द्राव. तो स्वच्छ काचेवर ओतायचा आणि काच चारी कोपऱ्यांकडे कलती करत सगळीकडे सारखा पसरवायचा. ओघळ राहिला तर फोटोत ओघळ दिसणार, धूळ बसली तर फोटोत भोक पडणार. मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. बाहेर काढली की ती प्रकाशाला संवेदनशील झालेली असते, पण फक्त ओली असेपर्यंत. म्हणजे काही मिनिटांच्या आत कॅमेऱ्यात घालायची, लेन्सचं झाकण काढायचं, मनात सेकंद मोजायचे, झाकण लावायचं, पळत परत अंधारात जायचं आणि डेव्हलप करायची. काच वाळली की खेळ खलास. बोटं सिल्व्हर नायट्रेटने काळी व्हायची ती वेगळीच.

हे सगळं माळव्याच्या उन्हाळ्यात करून बघा! इथर उन्हात भराभर उडून जातं. ओल्या काचेला धूळ लगेच चिकटते. काच धुवायला स्वच्छ पाणी भरपूर लागतं आणि जुन्या किल्ल्यावर किंवा जंगलातल्या देवळापाशी ते कुठून आणणार? शहराबाहेर जायचं तर कॅमेऱ्याबरोबर काळोख्या तंबूपासून बाटल्या, काचा आणि पाण्याच्या घागरींपर्यंत सगळी प्रयोगशाळाच गाडीत घालून न्यावी लागे. त्यात १८७४ साली इंदूरपर्यंत रेल्वेसुद्धा आलेली नव्हती. लांबून येणारा काचेचा आणि रसायनांचा माल शेवटच्या टप्प्याला बैलगाडीचे धक्के खातच इथे पोचायचा.

शिवाय काच जशी तयार करायची तशी वापरायचीही कला होती. त्या काचेला निळा रंग फार भडक दिसे, तांबडा आणि पिवळा जवळजवळ काळा. म्हणून त्या काळच्या फोटोंत आकाश कोरं पांढरं असतं, आणि तांबूस दगडाचा वाडा डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा गडद येतो. डोळ्याला जे सुंदर दिसतं ते काचेला तसं दिसत नाही, हे फोटोग्राफरला मनातल्या मनात ओळखावं लागे. ऊन कुठून येतंय याचा हिशोब तर फारच महत्त्वाचा. भर दुपारी कोरीवकाम सपाट होतं. सकाळचं किंवा दुपार कलल्यानंतरचं तिरपं ऊन आलं की तीच नक्षी उठून दिसते. आपल्याकडे फ्लॅश आहे, लाइट आहेत. त्यांच्याकडे सूर्य होता आणि त्याची वाट बघायची तयारी होती.

असा हा नाद. नोकरी चालूच होती. पण दीनदयाळ यांचं काम लोकांच्या नजरेत भरायला वेळ लागला नाही. होळकर दरबारात दुसरे तुकोजीराव महाराज होते, रेसिडेन्सीत डेलीसाहेब. दोघांनीही त्यांना उत्तेजन दिलं. १८७५-७६ मध्ये इंग्लंडचे युवराज प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, तेव्हा फोटो काढायची संधी दीनदयाळ यांना मिळाली. नाद लागून पुरती दोन वर्षंही झालेली नव्हती.

डेलींच्या नंतर रेसिडेन्सीत सर लेपेल ग्रिफिन आले. त्यांना मध्य भारतातल्या जुन्या वास्तूंची आवड होती. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रिफिन बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर गेले तेव्हा दीनदयाळ बरोबर होते. ग्वाल्हेरचा किल्ला, ओरछा आणि दतियाचे राजवाडे, खजुराहोची देवळं, सांचीचा स्तूप हे सगळं त्यांच्या कॅमेऱ्यात आलं. सांचीची पडलेली तोरणं त्याच सुमाराला पुन्हा उभी केली जात होती, म्हणून ते फोटो आज पुरावा म्हणूनही मोलाचे आहेत. यातले ८०हून अधिक फोटो असलेला ग्रंथ १८८६ मध्ये ग्रिफिन यांच्या मजकुरासह लंडनला निघाला. ‘फेमस मॉन्युमेंट्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे त्याचं नाव. ग्वाल्हेरचे आपले वाचक मानमंदिराच्या भिंती रोज बघत असतील. त्याच भिंती त्या काळी कशा होत्या हे बघायचं तर हे फोटो जरूर बघावेत.

या कामाच्या आसपासच त्यांच्यापुढे खरा प्रश्न उभा राहिला असणार. एकीकडे वीस वर्षांची सरकारी नोकरी, महिन्याला ठरलेला पगार, मान. दुसरीकडे काचा, रसायनं आणि राजेरजवाड्यांची मर्जी. वय चाळिशी ओलांडलेलं, घरी दोन मुलगे, ज्ञानचंद आणि धरमचंद. आपल्या घरांत आजही असा प्रश्न निघाला तर काय उत्तर मिळतं हे मी सांगायला नको. दीनदयाळ यांनी १८८०च्या दशकाच्या मध्यात नोकरी सोडली. पण लक्षात घ्या, पहिला चांगला फोटो आला त्या दिवशी नाही सोडली. दहा वर्षं दोन्ही गोष्टी सांभाळल्या, हात पक्का केला, ओळखी केल्या, मग सोडली. मला यात धाडस दिसतं तेवढाच ड्राफ्ट्समनचा हिशोबही दिसतो. आधी एस्टिमेट, मग बांधकाम.

मधल्या काळात तंत्रही बदललं होतं. जिलेटिनच्या कोरड्या काचा बाजारात आल्या. त्या आधीच तयार करून डब्यात ठेवता येत, काळोखा तंबू पाठीवर घ्यावा लागत नसे, आणि एक्सपोजर काही सेकंदांवरून सेकंदाच्या अंशावर आलं. आता हलणारी माणसं, घोडे, सैन्याच्या कवायती टिपता येऊ लागल्या. साधन सोपं झालं की जुने उस्ताद कधीकधी मागे पडतात. दीनदयाळ यांनी मात्र नवं साधन उचललं आणि ओल्या काचेने शिकवलेली शिस्त सोडली नाही. त्यांचे दरबारी ग्रुप फोटो बघा. पंचवीस-तीस माणसं आहेत, पण प्रत्येकाचा चेहरा मोकळा, कुणाची पगडी कुणाच्या तोंडावर नाही, आणि नजर बरोबर हवी त्या माणसावर जाऊन थांबते.

इंदूर सुटलं आणि हैदराबाद आलं. १८८६ मध्ये सिकंदराबादला स्टुडिओ निघाला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारचे फोटोग्राफर केलं, पुढे ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. व्हाइसरॉयची आणि व्हिक्टोरिया राणीचीही नेमणूक मिळाली. स्टुडिओत काचेचं छत, काळे-पांढरे पडदे सरकवून उजेड कमी-जास्त करायचा, आणि माणूस हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी टेकू, अशी त्या काळची रीत असे. १८९६ मध्ये मुंबईलाही शाखा निघाली.

यातली एक गोष्ट मला विशेष सांगायची आहे. पडद्यातल्या बायकांचे फोटो पुरुष काढू शकत नसत. म्हणजे कितीतरी आया-बहिणी चेहऱ्याची काही खूण न ठेवताच जात. १८९२ मध्ये दीनदयाळ यांनी हैदराबादला खास जनाना स्टुडिओ उघडला. भोवती उंच भिंती, आत सगळ्या बायकाच, आणि कॅमेऱ्यामागे केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाई. त्यात धंद्याची दृष्टी होती हे उघड आहे. तरी एका बाईचा फोटो दुसऱ्या बाईने काढायची सोय आपल्या देशात १३० वर्षांपूर्वी एका फोटोग्राफरला सुचली, ही गोष्ट लहान नाही.

दीनदयाळ यांच्यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो घेतलाच पाहिजे. त्यांनी साहेबांना आणि राजांना हवे तसे फोटो काढले. वाघाच्या शिकारी, मेजवान्या, झुंबरं लावलेले दिवाणखाने. ज्या देशात माणसं उपाशी मरत होती तो देश या अल्बमांत कुठे आहे? पण १८९९-१९०० च्या दुष्काळाच्या सुमारास निजामाच्या राज्यात, म्हणजे आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादकडे चाललेल्या मदतकामाचे फोटोही त्यांच्याच स्टुडिओच्या नावावर आहेत. तेही राज्य किती दयाळू आहे हे दाखवायलाच काढलेले. तरी कॅमेरा मालकाचं पूर्ण ऐकत नाही. त्या फोटोंत हाडं दिसतात, पोटाला आलेली पोरं दिसतात. सरदारांची नावं इतिहासात आहेत, या माणसांची कुठे शोधणार? पण ती होती, एवढं तरी काचेने सांगून ठेवलं.

दीनदयाळ १९०५ साली वारले. उतारवयात त्यांनी स्वतःच्या फोटोग्राफीची हकीकत थोडक्यात लिहून ठेवली होती. स्टुडिओची भरभराट पुढे ओसरली, पण वंशजांनी काचा जपल्या. त्यांतल्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. २००६ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीटही निघालं.

फोटोग्राफीची आवड असणारे आपल्यात बरेच आहेत. बोलणं नेहमी कॅमेऱ्यावरून सुरू होतं. कुठली बॉडी घ्यावी, कुठली लेन्स, अमक्याकडे काय आहे. दीनदयाळ यांच्याकडे त्या काळचं उत्तम सामान होतं आणि त्यांनी ते वेळोवेळी बदललंही, त्यामुळे सामानाला किंमत नाही असं मी म्हणणार नाही. पण एका फोटोमागे एक काच, आणि ती काच घासून, माखून, वाळायच्या आत वापरायची, या बेताने ज्याने दहा वर्षं काढली त्याने झाकण उघडण्याआधी पुरतं बघून घेतलेलं असे. रेसिडेन्सीकडून जाताना कधी संध्याकाळचं ऊन एखाद्या जुन्या भिंतीवर तिरपं पडलेलं दिसलं, तर खिशातून फोन काढायच्या आधी दोन मिनिटं नुसतं उभं राहून बघा.