स्वामी रामानंद तीर्थ : सीमेवरचा संन्यासी

भालकी हे नाव गोमंतकीय वाचकांच्या कानावर आले असेल तर ते बहुधा सीमाप्रश्नाच्या निमित्ताने. बेळगाव, कारवार, निपाणी या नावांच्या मागोमाग बीदर जिल्ह्यातील भालकी, औराद, हुमनाबाद ही नावे येतात आणि वाचक पुढच्या बातमीकडे वळतो. परंतु १९४८ च्या पावसाळ्यात या भालकीच्या परिसरात जे घडत होते त्याचा एक धागा थेट आमच्या मुरगाव बंदरापर्यंत येऊन पोहोचलेला होता. सतरा सप्टेंबरला मराठवाड्यात आणि कर्नाटकाच्या ईशान्य भागात हैदराबाद मुक्तीचा दिवस पाळला जातो. पंधरा ऑगस्टचा उजेड ज्यांच्या अंगणात त्या दिवशी पडला नाही अशा प्रदेशांत हैदराबाद होते तसा गोवाही होता. त्यांना तेरा महिने थांबावे लागले, आम्हांस चौदा वर्षे. म्हणूनच त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे चरित्र आम्हांस परके वाटण्याचे कारण नाही.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे. म्हणजे मूळचे तेही सीमेवरचेच. कानडी मुलखात जन्मलेले, मराठीत शिकलेले आणि उर्दू राजभाषा असलेल्या संस्थानात उभे आयुष्य घालविलेले. १९२० साली लोकमान्य टिळक निवर्तले, त्या वेळी या शाळकरी मुलाने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा निश्चय केला. असे निश्चय त्या काळी हजारो मुलांनी केले असतील. पाळणारे थोडे निघाले. पुढे पुण्याच्या टिळक विद्यापीठातील शिक्षण, कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काही काळ काम, मग ढासळलेली प्रकृती आणि अखेरीस उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षकाची जागा, असा हा प्रवास झाला. तिशी उलटण्यापूर्वीच त्यांनी संन्यास घेतला. तथापि भगवी वस्त्रे धारण करून ते हिमालयात गेले नाहीत, अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात मुलांना शिकवू लागले.

संस्थानात शाळा चालविणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. प्रजेतील बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी व कानडी बोलत. कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा मात्र उर्दू होती. सभा भरवावयाची तर परवानगी, व्याख्यान द्यावयाचे तर परवानगी. भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टद्देवरू यांची या बाबतीतील हकीकत त्या भागात आजही सांगितली जाते. शाळेच्या दारावर उर्दूचा फलक आणि आत कानडीचे शिक्षण, अशी त्यांची रीत होती. हे महास्वामी १९९९ पर्यंत हयात होते. गुप्त संघटना म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पिस्तुले आणि सांकेतिक चिठ्ठ्या उभ्या राहतात. भालकीत तिचा आरंभ मुळाक्षरांपासून झाला. ज्या राज्यात आईची भाषा शिकविण्यासाठी आडोसा शोधावा लागतो, तेथे प्रजेला गुप्ततेचे शिक्षण वेगळे द्यावे लागत नाही.

१९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना व्हावयाची होती. सरकारने ती जन्मण्यापूर्वीच बेकायदा ठरविली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि शिक्षकाचे स्वामीजी सत्याग्रही होऊन तुरुंगात गेले. बंदी उठावयास १९४६ साल उजाडले, त्यानंतर स्टेट काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. जून १९४७ मध्ये निजामाने ब्रिटिश गेल्यानंतर आपण स्वतंत्र राहणार असे जाहीर केले, त्याच महिन्यात हैदराबादेत भरलेल्या स्टेट काँग्रेसच्या अधिवेशनात स्वामीजींनी भारतात विलीन होण्याची मागणी पुढे ठेवली. १५ ऑगस्टला त्यांना पकडण्यात आले. नोव्हेंबरअखेर भारत सरकार व निजाम यांच्यात जैसे थे करार झाला तेव्हा ते सुटले आणि २६ जानेवारी १९४८ रोजी पुन्हा तुरुंगात गेले, ते थेट सप्टेंबरात बाहेर येण्यासाठी.

म्हणजे लढ्याच्या ऐन धुमश्चक्रीत लढ्याचा अध्यक्ष गजांआड होता. तरी चळवळ थांबली नाही. दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ आदी सहकाऱ्यांची कृती समिती संस्थानाच्या हद्दीबाहेरून काम पाहू लागली. सोलापूर, बार्शी, मनमाड, उमरखेड, गदग, बेजवाडा अशा ठिकाणी हद्दीला लागून छावण्या उभ्या राहिल्या. शिंदीची झाडे तोडून सरकारचे उत्पन्न बुडविणे, करोडगिरीचे नाके उद्ध्वस्त करणे, पाटील-पटवाऱ्यांकडून राजीनामे घेणे, पोलीस ठाण्यांवर चालून जाणे अशी कामे रातोरात होत. उदगीर तालुक्यातील हत्तीबेटाची टेकडी अशा लढवय्यांचा आसरा बनली. उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यातच होते आणि भालकीपासून दूर नव्हते. गावोगावच्या शेतकऱ्याने भाकरी पोहोचविली नसती, गुराख्याने वाट दाखविली नसती आणि रझाकारांच्या माराखाली तोंड मिटून धरले नसते, तर या छावण्या आठवडाभरही तगल्या नसत्या. त्याची किंमतही गावांनी मोजली. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातील गोरटा गावावर रझाकार तुटून पडले. मृतांचा आकडा दोनशेच्या घरात सांगितला जातो.

या लढ्यातील एक तारीख मनाला चटका लावणारी आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरखेड छावणीच्या तरुणांनी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँक लुटली आणि सुमारे वीस लाख रुपये हाती घेतले. त्याच संध्याकाळी दिल्लीत महात्माजींचा खून झाला. गांधीजींना मानणारा संन्यासी तुरुंगात, त्याचे अनुयायी बँकेच्या तिजोरीपाशी! साधनशुचितेचा प्रश्न येथे उभा राहतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. स्वामीजींनीही तो टाळला नाही. सशस्त्र प्रतिकाराची जबाबदारी त्यांनी सहकाऱ्यांच्या माथी मारून आपले भगवे वस्त्र स्वच्छ ठेवले नाही. उमरीच्या पैशाचा हिशेब ठेवला गेला आणि तो पुढे सरकारपुढे मांडण्यात आला. गुप्त चळवळीत हिशेब हा पहिला बळी पडतो. येथे तो शाबूत राहिला, ही आमच्या मते लहान गोष्ट नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे पाहू. निजामापाशी पैसा अमाप होता, भूमी चहूबाजूंनी वेढलेली होती आणि प्रजा विरोधात होती. तेव्हा बाहेरच्या मदतीवाचून त्याला तरणोपाय नव्हता. जैसे थे कराराची शाई वाळते न वाळते तोच पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचे कर्ज देण्यात आले आणि संस्थानात भारतीय चलनावर निर्बंध लादण्यात आले. समुद्राला वाट हवी म्हणून पोर्तुगालशी बोलणी करून मुरगाव बंदर मिळविण्याची खटपट झाली. सालाझारच्या लिस्बनमध्ये आणि हैदराबादेत गोमंतकाच्या बंदराचा सौदा चर्चिला जात होता आणि मुरगावात, वास्कोत राहणाऱ्या माणसांना त्याची गंधवार्ताही नव्हती. दोन्हीकडची प्रजा या व्यवहारात सारखीच बेदखल होती.

मग आला सिडनी कॉटन. हा ऑस्ट्रेलियन वैमानिक दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश गुप्तहेर खात्यासाठी जर्मनीवरून खाजगी विमान उडवून चोरून छायाचित्रे घेत असे. युद्धातील हे कसब त्याने शांततेत बाजारात मांडले. १९४८ साली लँकास्टरियन जातीची अवजड विमाने घेऊन तो कराचीहून रात्रीच्या अंधारात निघे आणि बीदर व वरंगळ येथील धावपट्ट्यांवर शस्त्रास्त्रे उतरवी. बीदरहून भालकी अवघी चाळीसेक किलोमीटर. एकाच रात्री, एकाच आभाळाखाली, हत्तीबेटाकडे भाकरीचे गाठोडे घेऊन निघालेली बाई आणि बीदरकडे बंदुका घेऊन येणारे विमान, अशी त्या दोन गुप्त व्यवस्थांची तुलना होती. कॉटनला नंतर लंडनच्या न्यायालयाने दोनशे पौंड दंड केला. गोरट्याच्या मानाने हा दंड किती, हे वाचकांनीच ठरवावे.

निजामाची भिस्त केवळ विमानांवर नव्हती. लंडनमध्ये सर वॉल्टर माँक्टनसारखे निष्णात कायदेपंडित त्याचे सल्लागार होते, ब्रिटिश पार्लमेंटात चर्चिलसाहेब त्याची बाजू मांडत होते आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादने आपले गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे नेले. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, बीदर व वरंगळच्या विमानतळांवर बॉम्ब पडले आणि १७ तारखेस निजामाने शस्त्र खाली ठेवले. परदेशांतून जमविलेली सारी तटबंदी पाच दिवस टिकली. याच सुमारास निजामाच्या लंडनमधील खात्यातून सुमारे दहा लाख पौंड पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे वळविण्यात आले. त्या रकमेचा वाद सत्तर वर्षांहून अधिक काळ चालून ऑक्टोबर २०१९ मध्ये लंडनच्या न्यायालयात भारत व निजामाचे वारस यांच्या बाजूने निकाली निघाला.

निजामाचे वकील त्या काळी म्हणत की सोलापूर-उमरखेडच्या छावण्या हाही परकीय हस्तक्षेपच होता, कारण त्या भारताच्या भूमीवर होत्या. या आक्षेपाला उत्तर एवढेच, की त्या छावण्यांतील तरुण नांदेड-बीदरचे होते आणि आपल्याच गावी परत जाण्यासाठी लढत होते. मात्र त्याच उत्तराच्या आधारे पुढच्या कृत्यांवर पांघरूण घालता येत नाही. पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत संस्थानात मुसलमान वस्त्यांवर जे अत्याचार झाले त्यांची चौकशी करण्यासाठी केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती धाडली. मृतांचा अंदाज तिने सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, नांदेड आणि बीदर हेच गणले. रझाकारांनी ज्यांचा छळ केला त्यांच्याच शेजारपाजारी हा सूड उगवला गेला आणि तो बहुतांशी निरपराधांवर. हा अहवाल कित्येक दशके दडवून ठेवण्यात आला. २०१३ च्या सुमारास तो अभ्यासकांना खुला झाला. गोरट्याचे स्मरण आम्ही करतो, ते केलेच पाहिजे. परंतु हा अहवाल वाचल्यावाचून सतरा सप्टेंबरचे भाषण करणे म्हणजे उमरीच्या हिशेबातील एक पान फाडून टाकण्यासारखे आहे.

मुक्तीनंतर स्वामीजींना मुख्यमंत्रीपद मिळाले नाही आणि त्यांनी ते मागितलेही नाही. १९५२ च्या निवडणुकीत ते गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले. कुळांना जमीन मिळावी यासाठी झटले, विनोबांच्या भूदान कार्यात रमले. मात्र एका बाबतीत त्यांनी पंडित नेहरूंच्याही मताविरुद्ध आग्रह धरला. हैदराबाद संस्थान एकसंध न ठेवता त्याचे भाषावार विभाजन करावे, असे ते सांगत राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तसे झाले. तेलंगण आंध्रात, मराठवाडा मुंबई राज्यात, गुलबर्गा-रायचूर म्हैसूरात गेले. बीदर जिल्ह्याचे मात्र दोन तुकडे पडले. उदगीर, अहमदपूर, निलंगा इकडे आले; भालकी, हुमनाबाद, औराद तिकडे राहिले. एका तुरुंगात राहिलेली, एकाच हत्तीबेटावर रात्री काढलेली माणसे दोन राज्यांची नागरिक झाली आणि भालकीच्या मराठी भाषिकांना पुन्हा एकदा आपल्या भाषेच्या शाळेसाठी अर्ज करावे लागले.

पुढच्याच वर्षी, १९५७ साली, स्वामीजी औरंगाबादेतून लोकसभेवर निवडून आले. त्यांचा पहिला मतदारसंघ आता म्हैसूर राज्यात होता. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे देहावसान झाले. नांदेडच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे. भालकीहून तेथे शिकावयास जाणाऱ्या मुलाला उदगीरच्या अलीकडे राज्याची हद्द ओलांडावी लागते.