अब्राहम ट्रेंब्ले

घरांत कांचेच्या भांड्यांत मासे पाळण्याची हौस आपल्यापैकीं पुष्कळांना असते. तळाशीं वाळू पसरावी, दोनचार पाणवनस्पति लावाव्या, रंगीत मासे सोडावे आणि फावल्या वेळीं त्यांचें सुळसुळणें पाहत बसावें, यांत आनंद आहे खरा. परंतु तळ्यांतून आणलेल्या वनस्पतींबरोबर कधीं कधीं एक न बोलावलेला पाहुणा त्या भांड्यांत येतो. तो सुताच्या तुकड्याएवढा असून एका टोकानें कांचेला चिकटलेला असतो. दुसऱ्या टोकाला पांचसात बारीक तंतु पसरलेले असतात. माशांचीं नुकतींच जन्मलेलीं पिल्लेंहि तो धरून खातो, म्हणून मासे पाळणारे त्याला शत्रु समजतात व दिसतांच काढून टाकतात. याचें नांव हायड्रा. या क्षुद्र जीवाकडे ज्यानें प्रथम धीरानें पाहिलें, त्या एका शिक्षकाचें चरित्र आम्ही आज वाचकांस सादर करीत आहों.

अब्राहम ट्रेंब्ले याचा जन्म स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा शहरीं ३ सप्टेंबर १७१० रोजीं झाला. त्याचें घराणें प्रतिष्ठित होतें व वडिलांचें गांवच्या राज्यकारभारांत वजन होतें. अब्राहमानें जिनीव्हाच्या विद्यापीठांत गणिताचा अभ्यास केला. पुढें शहरांत राजकीय गडबड झाली, घराण्याचा भाग्यकाळ ओसरला, आणि या तरुणास पोटाच्या उद्योगासाठीं हॉलंडचा रस्ता धरावा लागला. तेथें त्यानें श्रीमंतांच्या मुलांना शिकविण्याचें काम पत्करलें. देश सोडावा लागला, ही गोष्ट त्या वेळीं त्याला दुर्दैवाचीच वाटली असेल. परंतु त्याची कीर्ति त्याच वाटेवर उभी होती.

हेग शहराजवळ सॉर्गव्हलीट नांवाची वाडी होती. तिचे मालक काउंट विल्यम बेंटिंक. हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक आपल्या माहितीचे आहेत. ते याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेंतील होत. काउंटसाहेबांचे दोन लहान मुलगे ट्रेंब्ले याच्या स्वाधीन होते. त्यांना केवळ पुस्तकांनीं शिकवावें हें या गुरूला मान्य नव्हतें. वाडीच्या बागेंत चर होते, तळीं होतीं. गुरुशिष्य तेथें हिंडत, जाळ्यानें पाण्यांतील किडे व वनस्पति काढीत, आणि कांचेच्या बरण्यांत घालून अभ्यासिकेच्या खिडकींत ठेवीत. त्या बरण्या हीच त्यांची शाळा.

१७४० च्या जून महिन्यांत अशाच एका बरणींत पाणवनस्पतींवर कांहीं हिरवे तंतु चिकटलेले ट्रेंब्ले याला दिसले. ते रंगानें व आकारानें वनस्पतीसारखेच होते, आणि पहिल्यानें त्याने त्यांना वनस्पतीच मानलें. पण ते हालत होते. पाण्याच्या ओघानें हालत असतील म्हणून त्यानें बरणी हळूच हालविली. तों सारे तंतु एकदम आखडून हिरव्या ठिपक्यांएवढे झाले व थोड्या वेळानें पुन्हा लांबले. कांहीं दिवसांनीं ते जागाहि बदलतात असें आढळलें. एक टोक टेकवावें, दुसरें उचलावें, अशीं तीं पावलें टाकीत. बरणी फिरवून ठेविली तर ते पुन्हा उजेडाच्या बाजूस जाऊन बसत. हें वर्तन प्राण्याचें, वनस्पतीचें नव्हे. मात्र कोणाला सहा तंतु, कोणाला आठ, कोणाला त्याहूनहि अधिक! प्राण्याच्या अवयवांची संख्या अशी माणसागणिक बदलल्यासारखी कशी असेल? फांद्यांची मात्र असते. पुन्हा शंका आली.

या शंकेचा निकाल लावण्याची एक युक्ति त्याला सुचली. झाडाची फांदी तोडून लावली तर तिचें झाड होतें. प्राणी कापला तर मरतो. तेव्हां हा जीव मधोमध कापून पाहावा. दोन्ही तुकडे जगले तर ती वनस्पति. २५ नोव्हेंबर १७४० रोजीं त्यानें एक जीव आडवा कापला व दोन्ही तुकडे थोड्या पाण्यांत ठेवून दिले. तो रोज भिंगांतून पाहत असे. डोक्याकडील भाग जगला, यांत त्याला मोठेंसें नवल वाटलें नाहीं. पण दहा दिवसांच्या आंतच शेपटाकडील तुकड्यालाहि नवे तंतु फुटूं लागले, आणि एकाचे दोन पूर्ण जीव झाले!

वाचकहो, येथें क्षणभर थांबा. स्वतःच ठरविलेल्या कसोटीनें उत्तर दिलें होतें, कीं ही वनस्पति आहे. उतावळ्या माणसानें तेथेंच वही मिटली असती. परंतु हा जीव चालतो, आखडतो, उजेड शोधतो, हेंहि त्याच डोळ्यांनीं पाहिलेलें होतें. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मग चूक कोठें? चूक कसोटींत होती. कापला तर प्रत्येक प्राणी मरतो, ही समजूत त्या काळीं बहुतेकांच्या मनांत पक्की होती, आणि ट्रेंब्ले यानेंहि ती न तपासतां उचलली होती. आपली समजूत सोडणें हें शत्रूला जिंकण्याहून कठीण असतें. त्यानें ती सोडली, पण घाईनें दुसरीहि धरली नाहीं. त्यानें सारी हकीकत पॅरिसचे थोर निसर्गशास्त्रज्ञ रेओम्यूर यांना लिहून कळविली.

पत्राबरोबर जिवंत नमुने पाठविणें अवश्य होतें. पहिल्या खेपेस बाटलीचें तोंड लाखेनें घट्ट बंद केलें होतें. वाटेंत सारे जीव मेले. पाण्यांतील जीवांनाहि हवा लागते, हा धडा जो आज प्रत्येक मासे पाळणारा शिकतो, तो येथें असा महागांत पडला. दुसऱ्या खेपेस काळजी घेतली, आणि १७४१ च्या वसंतऋतूंत जीव पॅरिसला सुखरूप पोंचले. रेओम्यूर यांनीं स्वतः कापून पाहिले, तेव्हां त्यांचीहि खात्री पटली. त्यांनीं हा प्राणीच आहे असें ठरवून त्याला पॉलिप हें नांव दिलें.

मग ट्रेंब्ले याच्या बरण्यांना विश्रांति राहिली नाहीं. पॉलिप आपल्या तंतूंनीं जलपिसवा व किडे पकडून गिळतो हें त्यानें पाहिलें. त्याच्या अंगालाच अंकुर फुटून पिल्लें होतात व तीं पुढें सुटून जातात हेंहि त्यानें लिहून ठेविलें. त्याचें डोकें उभें चिरलें तर दोन डोकीं होत. तीं पुन्हा चिरलीं तर आणखी होत. एकाला तर सात डोकीं झालीं. पुराणांतील रक्तबीज आठवावा, तसाच हा प्रकार. ग्रीक कथेंतील अनेक डोक्यांच्या सर्पावरून लिनियस यानें १७५८ सालीं या जीवाला हायड्रा हें नांव पक्कें केलें. ट्रेंब्ले यानें एका पॉलिपाचा तुकडा दुसऱ्याला जोडून एकजीव केला, आणि डुकराच्या राठ केंसानें, मोजा उलटावा तसा, पॉलिप आंतबाहेर उलटाहि केला. हें काम त्यानें साध्या भिंगाखालीं, केवळ हातांच्या स्थिरतेवर केलें.

युरोपांत मोठी खळबळ उडाली. प्राणी कापून दोन झाला तर त्याचा आत्मा कोठें गेला, असे वाद माजले. ट्रेंब्ले त्या वादांत शिरला नाहीं. ज्यांना शंका होती त्यांना तो जिवंत पॉलिप आणि ते पाळण्याची रीत पाठवी, व स्वतः पाहा असें सुचवी. लंडनच्या रॉयल सोसायटीनें १७४३ सालीं त्याला सभासद करून घेतलें व त्याच वर्षीं कॉप्ले पदक दिलें. १७४४ सालीं लायडन येथें त्याचा पॉलिपांवरील ग्रंथ निघाला. त्यांतील चित्रें लायोने नांवाच्या गृहस्थानें काढलीं. एका चित्रांत खिडकींतील बरण्या, गुरु आणि ते दोन शिष्यहि दिसतात. याहून सुंदर गुरुदक्षिणा कोणती?

पुढें त्यानें कांहीं काळ राजकारणांत मध्यस्थी केली, आणि इंग्लंडच्या रिचमंडच्या तरुण ड्यूकला बरोबर घेऊन युरोपभर प्रवास केला. १७५७ सालीं जिनीव्हास परतून त्यानें विवाह केला व उरलेलें आयुष्य स्वतःच्या मुलांच्या शिक्षणांत व त्यासाठीं पुस्तकें लिहिण्यांत घालविलें. १२ मे १७८४ रोजीं तो वारला.

त्याच्या आधीं सुमारें चाळीस वर्षें लेव्हेनहूक यानेंहि हा जीव पाहिला होता. पण तो कापून पाहण्याचें कोणाला सुचलें नव्हतें. हिरव्या पॉलिपाचा रंग त्याच्या शरीरांत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा असतो, आणि तुटलेलें अंग पुन्हा वाढतें तें त्यांतील मूलपेशींच्या बळानें, हें आतां आपणांस माहीत आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंतहि हायड्रावर संशोधन झालेलें आहे. म्हणजे त्या खिडकींतील बरणीचा धागा आपल्या दारापर्यंत येऊन पोंचला आहे.

विद्यार्थी मित्रांनो, ट्रेंब्ले याच्यापाशीं मोठी प्रयोगशाळा नव्हती. चरांतील पाणी, कांचेची बरणी, एक भिंग, आणि शेजारीं दोन मुलें, एवढेंच त्याचें भांडवल होतें. तुमच्या घरच्या माशांच्या भांड्यांत उद्यां असा एखादा पाहुणा दिसला, तर त्याला फेकून देण्यापूर्वीं निराळ्या पेल्यांत ठेवा आणि चार दिवस पाहा. काय दिसेल तें आम्ही सांगत नाहीं. तें तुम्हींच आम्हांला येऊन सांगावें, एवढीच आमची इच्छा आहे.